एडनमधल्या सिस्टर्सचा दिवस

निर्मळकाठ

येमेनमधल्या एडन शहरात ४ मार्च २०१६ ला मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी संघाच्या चार सिस्टर्सची हत्या झाली. भारतातली सिस्टर अन्सेल्म, रवांडाच्या सिस्टर मार्गरीट आणि सिस्टर रेजिनेट, केनियाची सिस्टर जुडिथ. त्यांच्याबरोबर पहारेकरी, ड्रायव्हर, स्वयंपाकघरातली माणसं, मदतनीस असे आणखी बारा जण मारले गेले. बातम्या आल्या त्या सगळ्या त्या एका सकाळच्या. पण येमेनच्या गृहयुद्धाची लढाई एडनमध्ये शिरली होती मार्च २०१५ मध्ये. म्हणजे जवळजवळ वर्षभर त्या घरात रोज सकाळ होत होती, रोज कपडे धुतले जात होते, रोज म्हाताऱ्यांना भरवलं जात होतं. त्या वर्षाबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही. मला त्याबद्दल लिहायचं आहे.

माझी मावशी याच संघात आहे. वसईहून गेली तेव्हा मी शाळेत होते. ती येमेनला कधी नव्हती, पण या संघाची दिनचर्या जगात कुठेही गेलात तरी जवळजवळ तीच असते, त्यामुळे एडनचा दिवस कसा जात असेल हे मला बरंचसं ठाऊक आहे. पहाटे चार चाळीसला घंटा. पाचला चॅपलमध्ये प्रार्थना आणि मनन, सहाच्या सुमारास मिस्सा, म्हणजे फादरांनी भाकर आणि द्राक्षारस अर्पून करायची उपासना. चॅपलमध्ये बाकं नसतात, सगळ्या जमिनीवर बसतात. क्रूसाच्या बाजूला भिंतीवर 'मला तहान लागली आहे' हे येशूचे शब्द लिहिलेले असतात. मग चहा-नाश्ता आणि लगेच धुणं. प्रत्येकीला मोजक्या साड्या आणि एक बादली. वॉशिंग मशीन नाही. देणगी म्हणून कुणी देऊ केलं तरी घेत नाहीत, कारण ज्यांची सेवा करायची त्यांच्या घरी ते नसतं. मावशीचे हात मी पाहिलेत. साबणाने बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या असतात.

आठ वाजता सगळ्या मिळून सेवेला निघण्याआधीची प्रार्थना म्हणतात, साडीवर निळा एप्रन चढवतात आणि कामाला लागतात. साडेबाराच्या आसपास जेवण, थोडी विश्रांती, मग पुन्हा काम. संध्याकाळी एक तास पवित्र साक्रामेंताची, म्हणजे मिस्सात पवित्र केलेल्या भाकरीसमोर बसून, आराधना. हा तास १९७३ पासून रोजचा झाला, आणि काम कितीही साचलं तरी तो चुकवत नाहीत. रात्रीचं जेवण, त्यानंतर थोडा वेळ गप्पा. हसण्या-बोलण्याची ही वेळसुद्धा नेमून दिलेली असते आणि ती मनापासून पाळतात. रात्री पावणेदहाच्या आत दिवे बंद.

आता हीच दिनचर्या एडनच्या शेख उस्मान भागात नेऊन ठेवा. घरात साठ ते ऐंशी निराधार म्हातारे आणि अपंग माणसं. सिस्टर्स पाच. मदतीला काही येमेनी बाया आणि काही इथिओपियन तरुण. मे महिन्यापासून पुढे चाळीस अंशांच्या जवळ जाणारा दमट उन्हाळा, त्यात वीज दिवसातून काही तासच. वीज नसली की पंप चालत नाही, पंप नाही म्हणजे पाणी नाही. आणि ज्या घरात निम्मे लोक अंथरुणातच शी-शू करतात तिथे पाणी नसणं म्हणजे काय, हे ज्याने आजारी आईबापाचं केलंय त्याला सांगायला नको. डिझेलला रांगा. पीठ, तांदूळ, डायपर, रक्तदाबाच्या गोळ्या बंदरात येतील तेव्हा मिळणार. २०१५ च्या एप्रिल ते जुलै या काळात शहरात रस्त्यारस्त्यांवर लढाई होती. त्या दिवसांतही दुपारचं जेवण दुपारीच वाढलं गेलं असणार, कारण भरवणारं दुसरं कुणी नव्हतं.

मला वाटतं, या बायकांचं धैर्य आपण चुकीच्या जागी शोधतो. बंदूक समोर आली तो क्षण त्यांनी निवडलेला नव्हता. त्यांनी निवडलं होतं ते वेळापत्रक, आणि बॉम्ब पडत असताना ते ढळू न देणं हे मला जास्त मोठं वाटतं. बाहेर उद्याचा भरवसा नसताना आत घंटा वेळेवर वाजते, तेव्हा खाटेवरच्या माणसाला कळतं की आजचा दिवस आहे.

४ मार्चचा तो दिवस शुक्रवार होता, ईस्टरआधीच्या उपवासकाळातला. मिस्सा झाली, नाश्ता झाला, आठची प्रार्थना झाली आणि पाचही जणी म्हाताऱ्यांच्या घराकडे गेल्या. मिस्सा करणारे फादर टॉम उळुन्नालिल चॅपलमध्येच थांबले होते. साडेआठच्या सुमारास हल्लेखोर आत शिरले.

जाणकारांनी भर घालावी. येमेनमध्ये राहिलेलं कुणी इथे असेल तर नक्की लिहा.

तळटीप

फार आतून लिहिलं आहे तुम्ही. वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. येमेनसारख्या देशात या सिस्टर्सना मुळात राहू कसं दिलं? आणि त्या घरातली माणसं कोण होती, ख्रिस्ती की मुसलमान?

निर्मळकाठ

तळटीप, राहू दिलं असं नाही, बोलावलं होतं. तेव्हा उत्तर आणि दक्षिण असे दोन येमेन होते. १९७३ मध्ये उत्तर येमेनच्या सरकारच्या निमंत्रणावरून मदर तेरेसांनी होदेदा या बंदराच्या गावी सिस्टर्स पाठवल्या. पुढे सना आणि ताइझमध्ये घरं झाली, आणि दोन्ही येमेन एक झाल्यावर १९९२ मध्ये एडनमध्ये. म्हणजे एडनच्या त्या घराला २०१६ मध्ये जवळजवळ पाव शतक झालं होतं. सिस्टर्ससाठी आणि तिथे कामाला आलेल्या परदेशी ख्रिस्ती लोकांसाठी मिस्सा करायला फादर लागतात. ती जबाबदारी १९८७ पासून सेलेशियन या कॅथलिक संघाच्या बंगळूर प्रांतातल्या फादरांकडे होती. फादर टॉम त्यांच्यातलेच, मूळचे केरळच्या रामपुरमचे.

घरातली माणसं मुसलमान. कुणाला मुलांनी टाकलेलं, कुणाला कुणीच नसलेलं, कुणी मतिमंद. सिस्टर्स त्यांच्याशी अरबीत बोलायच्या. रमजान आला की तिथलं सगळं रमजानच्या वेळेनुसार चालायचं.

आणि धोका २०१६ मध्ये अचानक आला असंही नाही. २७ जुलै १९९८ ला होदेदात याच संघाच्या तीन सिस्टर्सना गोळ्या घातल्या होत्या. दोघी भारतीय, एक फिलिपाइन्सची. म्हणजे एडनला नेमणूक झालेल्या प्रत्येक सिस्टरला हे ठाऊक असणार. मावशी सांगते, नेमणुकीचा कागद येतो तेव्हा काही दिवसांत निघायचं असतं. सामान एका खोक्यात मावतं. घरी भेटीला यायचं ते दहा वर्षांतून एकदा.

दर्यावर्दी

मी जहाजावर इंजिन खात्यात होतो, गाव रत्नागिरीजवळ. एडनला आमचं जहाज तेल भरायला लागायचं. लढाईच्या बऱ्याच आधीची गोष्ट. तेव्हाही वीज जायचीच. दुपारी एकनंतर सगळं शहर कात नावाची नशेची पानं चघळायला बसतं. गालात हिरव्या पानांचा गोळा, दुकानं अर्धी उघडी, आणि तुम्हाला काही घाईचं काम असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा. माणसं मात्र भली. आम्हाला हिंदी म्हणून हाका मारायची, चहाचे पैसे घ्यायची नाहीत. म्हातारी माणसं मोडकं हिंदुस्थानी बोलायची.

एकदा मुअल्लाच्या बाजारात निळ्या काठाच्या साडीतल्या दोघी जणी दिसल्या. कांद्याचं पोतं घासाघीस करून घेत होत्या. काळ्या बुरख्यांच्या गर्दीत ती पांढरी साडी लांबूनच उठून दिसली. भाजीवाल्याने पोतं हातगाडीवर टाकून दिलं आणि वर टोमॅटो फुकट घातले. आमच्यातला एक गोव्याचा होता, तो धावत जाऊन पाया पडला. त्यांनी त्याला बोटीवर औषधाच्या जास्तीच्या गोळ्या असतील तर पाठवता येतील का, एवढंच विचारलं. आम्ही मेडिकल चेस्टमधलं जे देता येण्यासारखं होतं ते एजंटच्या हाती धाडलं.

२०१५ ला एडनमधून आपली माणसं काढताना आयएनएस सुमित्रा, मग मुंबई, तर्कश ही जहाजं गेली. माझे ओळखीचे काही जण त्यातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या जिबूतीला उतरले. गोळीबार चालू असल्यामुळे मोठं जहाज धक्क्याला लावता येत नव्हतं, लहान होड्यांतून माणसं आणून चढवली. ऑपरेशन राहतमध्ये चार हजार सहाशेच्या वर भारतीय आणि नऊशेच्या वर परदेशी बाहेर काढले. त्या सिस्टर्सना त्या होडीत बसता आलं असतं.

सह्याद्रीचा_वारा

दर्यावर्दींच्या शेवटच्या वाक्यावरच मला बोलायचं आहे. मृतांबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो, कृपया राग मानू नये. सरकार निघा म्हणत असताना मागे राहायचं, आणि पुढे काही झालं की त्याच सरकारने सोडवून आणायचं, हे कितपत योग्य? त्या हल्ल्यात पळवून नेलेल्या फादर टॉमना सोडवायला दीड वर्ष किती लोक खपले. दुसरं म्हणजे, मिशनऱ्यांच्या सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो हा आपल्याकडचा अनुभव आहे, माझ्या गावातच मी त्यावरून झालेली भांडणं पाहिली आहेत. येमेनमध्ये तसं नसेलही, पण प्रश्न मनात येतो तो लपवून काय उपयोग?

रात्रपाळी

मी नर्स आहे. वॉर्डात अंथरुणाला खिळलेले पेशंट सांभाळते, तेव्हा पहिल्या प्रश्नाबद्दल माझ्या बाजूने लिहिते.

अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाही दिली तर कमरेवर, टाचांवर कातडी लाल होते, मग फुटते, आणि एकदा जखम झाली की ती हाडापर्यंत जायला वेळ लागत नाही. उकाड्यात, ओल्या चादरीवर तर दोन-तीन दिवस पुरतात. ज्याला गिळता येत नाही त्याला भरवताना मान कशी धरायची, घास केवढा द्यायचा, हे त्या माणसाला ओळखणाऱ्यालाच जमतं. घाई केली की अन्न श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो. फिट येणाऱ्याची गोळी एक दिवस चुकली तर चालत नाही. मतिमंद माणूस अनोळखी हातून खात नाही, हे तर मी रोज बघते.

आता अशी साठ-ऐंशी माणसं होडीतून जिबूतीला न्यायची आहेत असं समजा. ती येमेनी नागरिक आहेत, त्यांना कुणी नेणारच नाही. म्हणजे सिस्टर्स निघाल्या असत्या तर ती माणसं तशीच खाटांवर राहिली असती. आठवड्याभरात त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं काय झालं असतं हे कुणीही नर्स सांगेल. त्यामुळे 'निघायला हवं होतं' असं म्हणताना आपण नेमकं काय करायला सांगतोय ते पाहायला हवं. करोनाच्या पहिल्या लाटेत आम्हालाही घरचे म्हणत होते, नोकरी सोड. वॉर्ड भरलेला असताना पाय निघत नाही. त्यात धर्म वगैरे नंतर येतो. आधी समोरचं माणूस दिसतं.

निर्मळकाठ

रात्रपाळी, तुम्ही लिहिलंत ते मला इतक्या नेमकेपणाने सांगता आलं नसतं.

सह्याद्रीचा_वारा, राग नाही. प्रश्न सरळ विचारलात म्हणून सरळ सांगते. धर्मांतराचं आधी. येमेनच्या कायद्यात इस्लाम सोडण्याला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा आहे आणि परधर्मीयांना प्रचार करायला मनाई आहे. सिस्टर्सनी तो नियम मोडला असता तर चाळीस-बेचाळीस वर्षं त्यांना तिथे कुणी ठेवलं नसतं. त्या घरात माणूस वारला की त्याचं दफन त्याच्या धर्माप्रमाणे व्हायचं. यावर कुणी म्हणेल, मग मिशनरी कशाला म्हणायचं? आमच्याकडे याचं उत्तर असं की पाठवलेला तो मिशनरी. पाठवलेलं काम हेच होतं, बिछाने बदलण्याचं. भारतातल्या तुमच्या गावचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही, तिथे काय झालं मला माहीत नाही. एडनच्या घराबद्दल मात्र एवढं छातीठोकपणे सांगते.

आणि त्या घराचं आणि तिथल्या लोकांचं नातं कसं होतं, हे त्या सकाळच्या हकिगतीतूनच कळतं. पाचव्या सिस्टर, घराच्या प्रमुख सिस्टर सॅली, शीतकपाट ठेवलेल्या खोलीत दाराआड उभ्या राहिल्या आणि वाचल्या. हल्लेखोरांना सिस्टर्स पाच आहेत हे ठाऊक होतं, ते त्या खोलीत पुन्हा पुन्हा येऊन गेले. सिस्टर सॅलींच्या सांगण्यावरून जी हकिगत पुढे प्रसिद्ध झाली तिच्यात आहे की इथिओपियन तरुण सावध करायला धावले आणि मारले गेले. घरातल्या येमेनी बाया 'सिस्टर्सना मारू नका' म्हणून ओरडत राहिल्या. त्यांच्यातली एक तिथे पंधरा वर्षं स्वयंपाक करत होती. त्यांनाही मारलं. सगळं संपल्यावर पोलीस सिस्टर सॅलींना न्यायला आले, तेव्हा खाटांवरची म्हातारी माणसं 'आम्हाला सोडून जाऊ नका' म्हणून रडत होती आणि सिस्टर हलायला तयार नव्हत्या. पोलिसांनी त्यांना जबरदस्तीनेच नेलं, कारण हल्लेखोर परत येण्याची भीती होती.

सरकारवर भार पडला हे खरं आहे. परराष्ट्र खात्याने, त्या वेळच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी, ओमानच्या सरकारने आणि व्हॅटिकनने फादरांसाठी जे केलं त्याची आम्हाला जाणीव आहे. वसईत त्यांच्या सुटकेसाठी जपमाळेची प्रार्थना व्हायची तेव्हा या सगळ्यांसाठीही व्हायची.

मिरजवाला

मी प्रोटेस्टंट घरातला, आईवडील दोघेही मिशन हॉस्पिटलच्या आवारात वाढले. शेख उस्मान हे नाव वाचलं आणि थांबलो, कारण आमच्याकडच्या मिशनच्या इतिहासात ते नाव फार जुनं आहे.

आयन कीथ-फाल्कनर नावाचा स्कॉटिश उमरावाचा मुलगा. केंब्रिजमध्ये अरबीचा विद्वान, त्या काळातला नावाजलेला सायकलपटू. १८८५ मध्ये एडन बघून गेला आणि शेख उस्मान हीच जागा त्याने कामासाठी निवडली, कारण आतल्या भागातून येणारे उंटांचे तांडे तिथून जायचे. १८८६ च्या अखेरीस पत्नी आणि एका डॉक्टरला घेऊन तो राहायला आला. घरही धड मिळालं नव्हतं. एकामागून एक ताप आले आणि ११ मे १८८७ ला तो गेला. वय तीस. पण मिशन बंद पडलं नाही. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने डॉक्टर पाठवले, शेख उस्मानला हॉस्पिटल उभं राहिलं आणि अनेक दशकं चाललं. मुंबईचं विल्सन कॉलेज चालवणारं चर्च हेच. म्हणजे सिस्टर्स ज्या वस्तीत म्हाताऱ्यांना जपत होत्या, तिथे मिशनचा दवाखाना शंभर वर्षांपूर्वीपासून लोकांच्या सवयीचा होता.

दुसरं ठिकाण जिब्ला, येमेनच्या डोंगराळ भागात. अमेरिकन बाप्टिस्टांचं ऐंशी खाटांचं हॉस्पिटल, १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेलं. वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास रुग्ण. मिरजेत १८९४ ला वॉनलेस साहेबांनी सुरू केलेल्या हॉस्पिटलमध्ये कर्नाटकातून बैलगाड्या यायच्या असं आजी सांगायची, जिब्लाचं वर्णन वाचताना मला तेच आठवलं. डॉक्टर मार्था मायर्स तिथे चोवीसेक वर्षं बाळंतपणं करत होत्या. गाडी घेऊन खेड्याखेड्यात लस टोचायला जायच्या, रात्री दार वाजलं तरी उठायच्या. व्यवस्थापक विल्यम कोन हॉस्पिटलच्या कामातून उरलेल्या वेळात अनाथ मुलांसाठी लाकडी खेळणी बनवायचे. खरेदी-साठ्याचं काम बघायच्या त्या कॅथलीन गॅरिएटी. ३० डिसेंबर २००२ च्या सकाळी बाळाला कुशीत लपवल्यासारखं भासवून एक जण बंदूक घेऊन आत आला आणि या तिघांना गोळ्या घातल्या. मायर्स आणि कोन यांना तिथेच, हॉस्पिटलच्या आवारात पुरलं. आपली माती तिथलीच असावी असं ज्यांना वाटतं त्यांच्या हेतूबद्दल मला शंका घ्यावीशी वाटत नाही.

आमच्या मंडळीत या तिघांसाठी प्रार्थना झाली होती ती मला चांगली आठवते. डॉक्टरबाईंचं नाव घेताना पाळकांना पुढचं बोलता येईना.

शिरढोणचा

धाग्याच्या विषयाला थोडं सोडून, पण एडनचं नाव निघालं आणि राहवलं नाही. आमच्या रायगडच्या माणसांना एडन माहीत आहे ते आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांमुळे. १८८० मध्ये त्यांना एडनच्या तुरुंगात पाठवलं. फेब्रुवारी १८८३ मध्ये कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून ते पळाले, थोड्याच वेळात पुन्हा पकडले गेले, अन्नत्याग केला आणि १७ फेब्रुवारीला तिथेच देह ठेवला. मिरजवाला सांगतात ते कीथ-फाल्कनर त्यानंतर दोन वर्षांनी एडनला उतरले.

एडनच का, तर १८३९ मध्ये इंग्रजांनी ते घेतल्यापासून १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा. पोलीस, पलटणी, कारकून, व्यापारी सगळे इकडून जायचे. दर्यावर्दींना तिथले म्हातारे हिंदुस्थानी बोलताना भेटले ते त्यातूनच. तुरुंगात आपला माणूस आणि वस्तीत दवाखाना, दोन्ही एकाच सरकारच्या सावलीत, हे मला अस्वस्थ करतं. मिशनऱ्यांचं काम सत्तेच्या आधाराने उभं राहिलं ही आठवण त्या लोकांच्याही मनात असणार. सिस्टर्सचं काम मात्र मला वेगळं वाटतं. त्या आल्या तेव्हा त्यांच्यामागे कुठलंच साम्राज्य नव्हतं, रवांडा, केनिया आणि झारखंडच्या मुली त्या.

तळटीप

शिरढोणचा, विषय सोडून अजिबात नाही, उलट धागा आता नीट जुळला.

फादर टॉम यांच्याबद्दल कुणी लिहाल का? त्यांचं अपहरण झालं आणि ते सुटले एवढंच माहीत आहे. मधले दिवस कसे काढले?

निर्मळकाठ

२०१४ मध्ये आई गेली म्हणून फादर केरळला आले होते. २०१५ मध्ये, लढाई पेटलेली असताना, परत गेले. एडनच्या चर्चची नासधूस झाल्यावर ते सिस्टर्सच्याच आवारात राहायला आले. त्या सकाळी हल्ला झाला तेव्हा ते आवारातच होते. मग त्यांना गाडीत टाकून नेलं.

नंतरचे अठरा महिने. जागा बदलत राहायच्या, डोळ्यांवर पट्टी. पुस्तक नाही, बोलायला माणूस नाही. मधुमेह होता, पण औषध मिळत राहिलं, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. मारहाण केली नाही हेही सांगितलं आहे. भाकर आणि द्राक्षारस नसताना ते रोज मिस्साच्या प्रार्थना पाठ म्हणायचे. मारल्या गेलेल्या सिस्टर्ससाठी, स्वतःसाठी आणि पकडून ठेवणाऱ्यांसाठीही. मी जे वेळापत्रकाबद्दल लिहिलं ते इथे पुन्हा दिसतं. बाहेरचं सगळं काढून घेतलं तरी दिवसाला आकार देणारी एक गोष्ट त्यांनी हातची सोडली नाही.

२०१६ च्या गुड फ्रायडेला त्यांना क्रूसावर चढवून मारल्याची अफवा जगभर पसरली होती. आमच्याकडे मोबाइलवर तो मजकूर आला तेव्हा माझी आई दोन दिवस जेवली नाही. ती अफवा कुणी सुरू केली, कशासाठी, देव जाणे. त्यांच्या घरच्यांवर काय गुजरलं असेल याचा विचार करून माझा अजूनही संताप होतो. अशी बातमी पुढे पाठवताना माणसं क्षणभर तरी थांबत का नाहीत?

१२ सप्टेंबर २०१७ ला ते सुटले, मस्कतला आणि तिथून रोमला गेले. दुसऱ्या दिवशी पोप फ्रान्सिस यांना भेटले. महिनाअखेरीस भारतात परतले.

सह्याद्रीचा_वारा

दोन दिवस धागा वाचत होतो. रात्रपाळींचा प्रतिसाद घरी बायकोला वाचून दाखवला. माझे वडील शेवटचे आठ महिने अंथरुणावर होते, कूस बदलण्याचं वगैरे मला ठाऊक आहे, तरी प्रश्न विचारताना ते डोक्यात आलं नाही. आपल्याकडच्या धर्मांतराबद्दलचं माझं मत आहे तिथेच आहे, तो वेगळा वाद, वेगळ्या धाग्यावर करू. पण एडनच्या त्या बायकांबाबत 'निघायला हवं होतं' हे वाक्य मी मागे घेतो.

एक विचारायचं होतं. येमेनमध्ये आता त्या संघाचं कुणी आहे का?

दर्यावर्दी

माझ्या जुन्या सोबत्यांकडून कळतं ते एवढंच, की एडनचं हवामान सोडलं तर सगळं बदललंय. पैसासुद्धा दोन प्रकारचा झालाय, सनाचा भाव वेगळा आणि एडनचा वेगळा. ३० डिसेंबर २०२० ला तर नवे मंत्री विमानातून उतरत असताना एडनच्या विमानतळावरच स्फोट झाले. बाकी निर्मळकाठ ताई सांगतील.

निर्मळकाठ

सह्याद्रीचा_वारा, मनापासून आभार.

एडनच्या हल्ल्यानंतर संघाने येमेन सोडलं नाही. इतर घरांतल्या सिस्टर्स राहिल्या. हल्ल्याच्या दोन दिवसांनंतर पोप फ्रान्सिस म्हणाले होते की या सिस्टर्स हल्लेखोरांइतक्याच जगाच्या बेपर्वाईच्याही बळी आहेत, आणि ती बेपर्वाई अजून गेलेली नाही. येमेनच्या बातम्या आपल्याकडे येतात त्या जहाजांवर क्षेपणास्त्रं पडली तर.

अडचण अशी की २०१७ पासून भारत सरकारने भारतीय पासपोर्टवर येमेनला जायला बंदी घातली आहे. ती का घातली हे समजतं, मी तिच्याविरुद्ध बोलत नाही. पण या संघात भारतीय सिस्टर्स सर्वांत जास्त, त्यामुळे थकलेल्या सिस्टरच्या जागी इथून दुसरी पाठवणं फार कठीण झालं आहे. मावशीला विचारलं, तुला सांगितलं तर जाशील का. तिची सत्तरी जवळ आलीय, गुडघे गेलेत. म्हणाली, अरबी येत नाही, शिकायला किती दिवस लागतात ते आधी विचारून ये.

रात्रपाळी, तुम्हाला एक विनंती. अंथरुणावरच्या माणसाची घरी काळजी कशी घ्यायची, कूस बदलणं, भरवणं, जखम होऊ न देणं, यावर तुम्ही वेगळा धागा काढाल का? इथल्या अनेकांच्या घरात अशी माणसं आहेत.

रात्रपाळी

काढते. या आठवड्यात रात्रीची ड्युटी आहे, रविवारी सुट्टी, तेव्हा लिहीन. पाण्याची टंचाई असताना बेड बाथ कसा द्यायचा तेही त्यात घेईन, आमच्या मराठवाड्यात उन्हाळ्यात ते लागतंच.